सोवळ्यात चालेल अशी चादर

माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ चुका झाल्या. बहुतेकांची मला लाजसुद्धा वाटत नाही. पण एका चुकीची अजून वाटते. आत्यासाठी मी गार चादर शोधायला निघाले, ती ही गोष्ट. सांगून टाकते एकदाची. माझ्यामागे सांगायला कुणी उरणार नाही.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवव्या वर्षी लग्न, बाराव्या वर्षी विधवा, आणि तेव्हापासून भावाच्या घरी. केस काढलेलं डोकं, त्यावरून घट्ट ओढलेला तांबड्या आलवणाचा पदर. आम्ही कल्याणला पारनाक्याजवळ राहत होतो. स्वातंत्र्य येऊन दोन-तीन वर्षं झाली होती. वडील कोट घालून कचेरीत जात, वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत, मुलींना शिकवलं पाहिजे म्हणून चारचौघांत बोलत, आणि मला त्यांनी खरंच मॅट्रिकपर्यंत शिकवलं. पण आत्याचं सोवळं जसंच्या तसं. ते सोड असं तिला कधी कुणी म्हटलं नाही. धरून ठेव असंही म्हटलं नाही. दोन वेळचा स्वयंपाक बिनबोभाट होत होता, मग कोण कशाला बोलतंय!

आत्या घोंगडीवर झोपायची. गादी तिला वर्ज्य, ते एक झालंच, पण सुती चादरही चालत नसे. कारण लोकरीला आणि रेशमाला विटाळ नाही, सुताला आहे. घोंगडी कुणाच्या हातापायाला लागली तरी सोवळ्यातच राहते. सुती कापडाला नुसतं बोट लागलं की ते ओवळं, त्याला शिवलेलं माणूस ओवळं, मग आंघोळ केल्याशिवाय चुलीपाशी जायचं नाही. दुपारी जेवणं आटोपली की आत्या स्वयंपाकघरामागच्या बोळात घटकाभर आडवी व्हायची आणि चार वाजता उठून पुन्हा चुलीपुढे बसायची. सुती चादरीवर पडली असती तर त्या घटकाभरासाठी आणखी एक आंघोळ आणि त्यासाठी विहिरीचं पाणी ओढणं आलं. म्हणून घोंगडी. वैशाखात, कल्याणला, चुलीच्या भिंतीला लागून.

तेव्हा ती पन्नाशीला आली होती आणि तिच्या अंगाची नुसती लाही व्हायची. बसल्याबसल्या चेहरा लालबुंद व्हायचा, मानेवरून घाम ओघळायचा. आई मला हळूच म्हणाली, "वयाचं असतं ते. तुला कळेल पुढे." वैद्यांनी उष्णता म्हणून गुलकंद दिला, सब्जाचं बी दिलं. पाठीवर घामोळं, त्यावर लोकरीची कुसळं. उठायची तेव्हा गालावर घोंगडीची वीण उमटलेली असायची. मधेमधे ती जमिनीवर पाणी शिंपडून तशीच फरशीवर पडायची, मग सांधे धरायचे. आगीतून निघून फुफाट्यात.

"आत्या, चादर घे गं एखादी अंगाखाली," मी म्हणायचे.

"आणि संध्याकाळचा भात कोण करणार? तू?" ती म्हणायची. "तुझा भात खाऊन तुझे वडील उपाशी उठतील."

ती अशीच बोलायची. मीही काही कमी नव्हते. घरात मला सगळे तोंडाळ म्हणत आणि त्यात काही खोटं नव्हतं. पण आत्याला माझं तोंड आवडायचं. "माझ्या वाटचंसुद्धा हीच बोलते," असं ती आईला सांगायची.

त्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं, डोंबिवलीला. कापडचोपड घ्यायला आई मला बाजारात घेऊन गेली आणि म्हणाली, "अंथरुणाच्या चादरी तुझ्या तू निवड. झोपायचंय तुला त्यांच्यावर." मी निवडायला बसले खरी, पण डोक्यात आत्या.

दुकानदारानं आधी गिरणीच्या चादरी टाकल्या, गुळगुळीत, चकचकीत, फुलाफुलांच्या. म्हणाला, "ताई, हात फिरवून बघा, लोणी आहे लोणी." मी हात फिरवला, मग तळहात तसाच दाबून धरला. थोड्या वेळानं तळव्याला घाम. इतकं घट्ट विणलेलं कापड वारा कुठून सोडणार? मग त्यानं मांजरपाट दाखवला, तो जाड. मलमल दाखवली, ती दोन धुण्यांत फाटली असती. मी प्रत्येक कापड तोंडाशी धरून फुंकर मारायचे आणि पलीकडे हात धरून श्वास लागतो का ते बघायचे. आईनं कपाळावर हात मारला. "अगं, चादर घेत्येस की बासरी?" दुकानातली माणसं हसली. हसोत! शेवटी अगदी खालच्या फळीवरून एक हातमागाची चादर निघाली. पांढरी, बिनकाठाची, विरळ विणीची, दिसायला अगदीच गरीब. फुंकर आरपार गेली. माझ्या नावावर घेतली आणि घरी येऊन तीनदा धुतली, कारण नव्या कापडातली खळ निघेपर्यंत ते गार लागत नाही.

आत्याला दाखवली. ती हात मागे घेऊन लांब उभी राहिली.

"छान आहे. तुझ्या सासरी ने."

"तुझ्यासाठी आहे. मी रोज धुईन."

"तू धुतलीस म्हणजे ती ओवळ्यातच धुतली."

"मी आंघोळ करून, ओलेत्यानं धुईन. काठीनं उचलून वर वलणीवर टाकीन. कुणाचा वारा लागू देणार नाही."

"लग्न होऊन जाशील तेव्हा कोण टाकणार? सवय लावून ठेवू नये गं बाई माणसाला." मग माझा चेहरा पाहून हसली. "रेशमाची असती तर गोष्ट वेगळी. रेशीम चाललं असतं. पण रेशमावर झोपायला मी कुठली राणी!"

मी चिडून चादर मागच्या दांडीवर वाळत टाकली आणि निघून गेले. थोड्या वेळानं कशालातरी परत आले तर आत्या दांडीपाशी उभी. पाठमोरी. तिनं चादरीवर आधी तळहात ठेवला, मग गाल ठेवला. बराच वेळ ती तशी उभी होती. मी मागच्या मागे फिरले. त्या दिवशी आत्यानं दुपारी अवेळी आंघोळ केली. आईनं विचारलं तर म्हणाली, "पाल पडली अंगावर."

पाल! मला रडू आलं आणि त्याच वेळी वाटलं, हिला हवीय चादर. काही झालं तरी मी ती हिला देणार.

रेशीम म्हणाली होती ना, मग रेशीम. आता ते आणायचं कुठून? दोन दिवस मी त्याच विचारात, आणि काखेत कळसा तशी आजीची ट्रंक माळ्यावर. आजी जाऊन सहा वर्षं झाली होती. तिची ट्रंक कुणी फारशी उघडत नसे. आई डोंबिवलीला देण्याघेण्याचं बोलायला गेली होती, त्या दिवशी मी ट्रंक खाली काढली. वर जुने पंचे, पोथीची फडकी, आणि अगदी तळाशी जुनेऱ्यात बांधलेलं एक रेशमी वस्त्र. डाळिंबी रंगाचं, हाताला थंडगार. लांबीला लहान, रुंदीला कमी. लुगडं म्हणावं तर कुणा बाईला पुरणार नाही. मी जमिनीवर दुमडून अंथरून पाहिलं, एका माणसाच्या अंथरुणाला बरोबर पुरलं. मला काय आनंद झाला! रंगही तांबडाच, आत्याला चालेलसा. अडचण एकच, दोन्ही बाजूंना जरीचे काठ. विधवेला काठ कसा चालेल?

मी कात्री घेतली आणि काठ कापून टाकले.

हे मी आता सरळ लिहितेय, पण या ओळीपाशी यायला मला किती दिवस लागले ते माझं मला माहीत. दोन्ही काठ कापले, कडा दुमडून बारीक टीप घातली. आई दुपारची परत यायची होती, म्हणून घाई. इतकं लहान लुगडं कुणाचं असेल, आजीनं ते बांधून तळाशी का ठेवलं असेल, हा विचार माझ्या मॅट्रिक झालेल्या डोक्यात आला नाही. लहान मुलींचं लुगडं असतं, त्याला चिरडी म्हणतात, हे मला ठाऊक होतं. नवव्या वर्षी लग्न झालेली मुलगी दिवसातून दोनदा माझ्यासमोर जेवण वाढत होती, हेही ठाऊक होतं. आणि तरी मी मोठ्या कौतुकानं ते घोंगडीवर अंथरलं, सुरकुत्या काढल्या, आणि आत्याला हाक मारायला गेले.

ती हात पुसत आली. बघितलं आणि जागच्या जागी बसली.

"रेशीम आहे गं," मी म्हणाले. "आता नाही म्हणायचं नाही. झोप बघू."

ती हातानं वस्त्र चाचपत राहिली. एका टोकाला बोटभर डाग होता, हळदीचा असेल. त्यावर तिचा हात थांबला.

"माझ्या आईनं ठेवली होती?" ती म्हणाली. "मला कधी बोलली नाही ती. विकली म्हणाली होती."

मग मला कळलं. मी तिथंच उभी.

"काठ कुठं आहेत?" आत्यानं विचारलं.

मी आत जाऊन काठ आणले. दोन लांब पट्ट्या, वेड्यावाकड्या कापलेल्या. तिनं त्या मांडीवर घेतल्या आणि सरळ करू लागली. ओरडली असती, चार थोबाडीत दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. ती शांतपणे सांगत बसली.

"फार उकडत होतं त्या दिवशी. मांडवात एवढी माणसं, त्यात हे अंगावर, त्यावर शेला. मी रडत होते, तर बायका म्हणाल्या, सासरी जायचं म्हणून रडतेय. मला नुसतं उकडत होतं गं. मामांनी उचलून नेलं तेव्हा वारा लागला, मग मी झोपलेच. माळ घालताना मला उठवलं म्हणे." ती थांबली. "त्यांचं तोंड मला आठवत नाही. लोक विचारतात, मी काहीतरी सांगते. खरं म्हणजे उकडत होतं एवढंच आठवतं."

मी तिच्या पायाशी बसून रडले. भोकाड पसरून रडले. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी सुती कपड्यात होते, ओवळ्यात होते, तरी ठेवला.

"मुद्दाम नाही केलंस तू," ती म्हणाली. आणि मग म्हणाली, "पण आता माझ्यासाठी काही आणू नकोस हं बाळ. काहीच आणू नकोस."

तिनं ती चिरडी आणि काठ पुन्हा जुनेऱ्यात बांधले. ट्रंक माळ्यावर गेली. घोंगडी होती तशी अंथरली गेली. संध्याकाळी तिनं आंघोळ केली आणि भात टाकला. वडील जेवताना म्हणाले, "आज मीठ विसरलीस की काय, आक्का?"

लग्नानंतर ती हातमागाची चादर माझ्याबरोबर डोंबिवलीला आली. तिच्यावर मी आठ उन्हाळे झोपले. धुऊन धुऊन इतकी मऊ झाली की नवरा म्हणायचा, असल्या आणखी दोन आण. मी आणल्या नाहीत. गार होती, खरंच गार होती, आणि तिच्यावर पाठ टेकली की मला दांडीपाशी उभी असलेली आत्या दिसायची. माहेरी जायचे तेव्हा आम्ही बोलायचो, हसायचो, ती माझ्या पोरांना घास भरवायची. पण माझ्या वाटचं बोल असं ती पुन्हा कधी म्हणाली नाही. आत्या, काय हवं तुला, विचारलं की "काही नको गं बाई." आठ वर्षं तेच एक उत्तर.

आठव्या उन्हाळ्यात तिला धाप लागायला लागली. पायांवर सूज आली. वडिलांनी ठाण्याला एका डॉक्टरांच्या चार खाटांच्या दवाखान्यात ठेवलं. त्यांचं त्या वेळी कचेरीतून निवृत्त व्हायचं चाललेलं, आईचे गुडघे दुखायचे, म्हणून दिवसभर मी बसायचे. डोंबिवलीहून सकाळच्या गाडीनं यायचे, तिचं खाणं-पाणी घरून घेऊन. दवाखान्यातलं पाणी ती पीत नव्हती. पहिल्या दिवशी तर खाटेवर पाठच टेकेना. लोखंडी खाटेवर गादी, गादीवर दवाखान्याची चादर, कोपऱ्यात शाईचा शिक्का, मधे ठिगळ. कोण कोण झोपून गेलं असेल तिच्यावर, कोणत्या जातीचं, कशानं आजारी. आत्या खाटेच्या कडेवर अवघडून बसली होती. घोंगडी आणू द्या असं मी म्हणाले तर डॉक्टर म्हणाले, इथं लोकर चालणार नाही.

शेवटी बसवेनाच, तेव्हा आडवी झाली. डोळे घट्ट मिटून. थोड्या वेळानं डोळे उघडले. तळहातानं चादर चाचपली. मग कुशीवर वळून गाल टेकवला.

"गार आहे गं," ती म्हणाली.

आणि झोपली. अशी झोपली की चार वाजता नर्सबाई औषध घेऊन आली तेव्हा मी तिला हातानंच थांबवलं. उठली तेव्हा तिच्या गालावर काही उमटलेलं नव्हतं. मी जन्मात पहिल्यांदा तिचा गाल तसा कोरा पाहिला. बाहेरच्या पायऱ्यांवर जाऊन पदर तोंडात कोंबला आणि रडले. एवढंसं होतं ते! शंभर वेळा धुतलेलं कुठलंही सुती फडकं. चाळीस-पंचेचाळीस उन्हाळे या बाईनं त्याच्यावाचून काढले, आणि आम्ही सगळे शिकलेसवरलेले तिच्या हातचं गरम गरम जेवलो.

सहा दिवस ती तिथं होती. रोज दुपारी झोपायची. धाप कमी झाली. नर्सबाई चादर बदलायला आली की आपण होऊन उठून बाजूला बसायची आणि नवी अंथरली की लगेच हात फिरवून बघायची. पाचव्या दिवशी दवाखान्यातलं पाणीसुद्धा प्यायली. मी पेला विसळून ठेवला.

डॉक्टर म्हणाले होते, हृदय थकलंय, इथं राहिल्या तरी चालेल, घरी नेल्या तरी चालेल, फरक फारसा पडणार नाही. वडील म्हणाले, घरचं ते घर. परक्या ठिकाणी, परक्या अंथरुणावर काही बरंवाईट झालं तर लोक काय म्हणतील. घरी नेल्यावर ती अकरा दिवस जगली, बोळातल्या तिच्या जागेवर. ते अकरा दिवस मी लिहिणार नाही.

न्यायच्या दिवशी सकाळी मी तिचं केस नसलेलं डोकं ओल्या फडक्यानं पुसत होते. तिनं माझा हात धरला.

"तुझ्या वडिलांना सांगशील?" ती म्हणाली. "आणखी चार दिवस राहू दे म्हणावं मला इथं. मी म्हटलं तर बरं दिसत नाही. तू सांग. तुला बोलता येतं."

आठ वर्षांत तिनं मागितलेली पहिली गोष्ट. बाराव्या वर्षापासूनची पहिलीच असेल, कोण जाणे.

"सांगते की," मी म्हणाले. "त्यात काय! सांगतेच."

अकराच्या सुमारास वडील आले. बाहेर टांगा उभा करून आले होते. उन्हानं दमलेले, शर्ट पाठीला चिकटलेला, हातात घडी केलेली घोंगडी, टांग्यात अंथरायला. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हातारे दिसत होते. का ते आजवर मला सांगता आलेलं नाही, पण माझ्या तोंडून शब्द फुटेना. दुकानदाराशी भांडणारी मी, सासूला उलटं बोलणारी मी.

"आक्का, निघायचं ना?" ते म्हणाले.

आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी काहीतरी बोलेन म्हणून बघत होती.

मी तिची पिशवी उचलली.